डिस्क प्लेट निघत नाही म्हणून चाकाचा बळी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की गॅरेजांत ब्रेकच्या कामांची रीघ लागते. त्यातल्या एका कामापायी दरवर्षी चांगली चाकं भंगारात जातात, म्हणून हे पत्र. काम म्हणजे जुन्या मोटरसायकलच्या चाकावर जाम बसलेली डिस्क प्लेट, म्हणजे ब्रेक मारल्यावर पॅड जिला दाबून धरतात ती पोलादी चकती, काढणं.

१९९९ ची सीबीझेड, २००१ ची पल्सर, २००३ ची करिझ्मा या गाड्यांबरोबर पुढचा डिस्क ब्रेक आपल्याकडे सर्रास दिसू लागला. त्या पिढीतल्या बऱ्याच गाड्या अजून पळतात आणि त्यांच्या प्लेटा आता बदलायला आल्या आहेत. प्लेटची किमान जाडी प्लेटवरच कोरलेली असते. साधारणपणे नवी ४ मिमीची असेल तर ३.५ ला बाद, ५ मिमीची असेल तर ४.५ ला. नवी प्लेट बसवायला अर्धा तास पुरतो. जुनी निघेपर्यंत मात्र दिवस जातो, आणि गिऱ्हाईक समोर घड्याळ बघत बसलेलं असलं की कारागिराचा हात गॅसच्या नळीकडे किंवा छिन्नीकडे जातो. मग हबला (चाकाच्या मधल्या भागाला) तडा, आटे गेलेले, बेअरिंगचं ग्रीस जळालेलं. बंद झालेल्या मॉडेलचं चाक कंपनीकडून मिळत नाही आणि जुन्या बाजारातलं चाक सरळ निघेल याची कोणी हमी देत नाही.

हा त्रास देशावरच्यापेक्षा कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात जास्त. हब अ‍ॅल्युमिनियमचा, प्लेट स्टेनलेस पोलादाची, बोल्टही पोलादी. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. त्याची जी पांढरी पूड होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, फटीत फुगते आणि प्लेट आवळून धरते. वॉशिंग सेंटरवर कॉस्टिकचा फेस मारून चाक चकाचक करतात, तोही अ‍ॅल्युमिनियम खातो. शिवाय प्रेशरच्या पाण्याने बोल्टच्या डोक्यातल्या खाचेत चिखल ठासून बसतो तो वेगळाच.

प्लेट दोन ठिकाणी अडकते, आणि बहुतेक नुकसान हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतं. पहिली जागा म्हणजे बोल्ट, चार, पाच किंवा सहा. दुसरी जागा म्हणजे हबच्या मधला गोल उंचवटा, ज्यावर प्लेटचं मधलं भोक घट्ट बसतं. उष्णता पहिल्या जागी मदत करते आणि दुसऱ्या जागी, चुकीच्या ठिकाणी दिली तर, काम बिघडवते.

बोल्टांपासून सुरुवात करू. जुन्या गाड्यांवर ते बहुधा ८ मिमीचे, १.२५ पिचचे (दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी) असतात. काही हलक्या गाड्यांवर ६ मिमीचे. कारखान्यातच आट्यांना लॉकिंगचा गोंद लावलेला असतो, ज्याला सगळे लॉकटाइट म्हणतात. त्यामुळे नुसता गंज सोडवून भागत नाही. डब्ल्यूडी-४०, रॉकेल, डिझेल हे गंजात शिरतात, पण या गोंदाचं काही वाकडं करू शकत नाहीत. ‘रात्रभर तेल टाकून ठेवलं तरी बोल्ट हलत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. तेल टाकायचंच असेल तर आधी चाक उलटं करून पाहावं. पुष्कळ हबांत बोल्टचं भोक आरपार असतं, आणि मागून टाकलेलं तेल थेट आट्यांत उतरतं. वरून टाकलेलं डोक्याखालीच अडतं. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळलं तर ते बाटलीतल्या फवाऱ्यांपेक्षा बरं शिरतं. पण अ‍ॅसिटोन रंग उडवतो आणि भडका उडवतो, तेव्हा त्यानंतर चाक पूर्ण सुकेपर्यंत ज्योत जवळ आणू नये.

चाक खाली उतरवण्याआधीच बोल्ट सैल करता आले तर उत्तम. ब्रेकची लिव्हर दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधून टाकावी. प्लेट कॅलिपरमध्ये (पॅड असलेल्या ब्रेकच्या जबड्यात) घट्ट धरली जाते आणि चाक फिरत नाही. फोर्क आड येतो म्हणून एका वेळी एकदोनच बोल्ट हाताशी येतात. ते सैल केले की लिव्हर सोडायची, चाक थोडं फिरवायचं, पुन्हा बांधायची. चाक उतरवल्यावर पॅडच्या मध्ये लाकडाची चिप किंवा जाड पुठ्ठा खोचावा, नाहीतर कोणाचा तरी हात लिव्हरवर पडतो आणि पिस्टन बाहेर येतात. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत (१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे) सेन्सर आधी बाजूला घ्यावा आणि दात्यांच्या रिंगला कशाचाही धक्का लागू देऊ नये. रिंग जराशी वाकली तरी दिवा लागतो.

आता खाच. अ‍ॅलन बोल्टच्या षटकोनी खाचेतला चिखल आणि रंग टोकदार सळईने तळापर्यंत खरवडून काढल्याशिवाय पाना लावूच नये. खाच जेमतेम ४ मिमी खोल असते. तिच्या तळाशी १ मिमी माती राहिली तरी पाना वरच्यावर धरतो आणि कोपरे झिजवतो. इंग्रजी एल आकाराची अ‍ॅलन की इथे वापरू नये. अर्धा इंची रॅचेटवर बसणारा चांगल्या पोलादाचा बिट घ्यावा. चपट्या गोल डोक्याच्या ८ मिमी बोल्टला ५ मिमीची अ‍ॅलन लागते, उंच डोक्याच्या बोल्टला ६ मिमीची. बिटचं टोक गोलावलेलं असेल तर ग्राइंडरवर २ मिमी उडवून नवी धार काढावी आणि घासताना ते सारखं पाण्यात बुडवावं, नाहीतर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि पहिल्याच जोराला बिट पिळला जातो.

बिट बसवून त्यावर हातोडीचे चारपाच खणखणीत ठोके द्यावेत. बिट तळापर्यंत बसतो आणि त्या हादऱ्याने आट्यांतला पहिला चिकटा सुटतो. त्यानंतर उष्णता. साध्या हॉट एअर गनने एकेका बोल्टच्या डोक्यावर चार-पाच मिनिटं झोत द्यावा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून क्षणात उडून गेला पाहिजे. मध्यम ताकदीचा निळा गोंद साधारण १५० अंशांच्या पुढे ढिला पडतो. कोणी लाल गोंद लावून ठेवला असेल तर २५० अंशांपर्यंत जावं लागतं. गन नसेल तर १०० वॉटचा सोल्डरिंग आयर्न बोल्टच्या खाचेत रोवून आठ-दहा मिनिटं ठेवावा. आमच्या मते ही युक्ती गनपेक्षाही सरस आहे, कारण उष्णता नेमकी बोल्टमध्ये उतरते आणि बाजूचा हब, रंग, बेअरिंगचं सील थंड राहतं. सीलचं रबर १००-१२० अंशांपुढे कडक होऊन चिरतं. गॅसची ज्योत आणि सीलचं वैर इथेच आहे.

बोल्ट गरम असतानाच, आधी केसभर आवळायचा आणि मग सोडवायचा. आवळताना चिकटा तुटतो. लांब पाइप लावून हळूहळू वाढता जोर देण्यापेक्षा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर बरा. तो ठोक्याबरोबर बिटला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, त्यामुळे कोपरे वाचतात. तिरप्या, खोलगट बसणाऱ्या डोक्याचे बोल्ट सर्वांत हट्टी, कारण त्यांची शंकूसारखी बाजूच प्लेटमध्ये रुतलेली असते. तिथे पंच लावून डोक्याभोवती आधी ठोकून घ्यावं.

खाच गोल झालीच, तर हार मानण्याआधी टॉर्क्स बिट, म्हणजे चांदणीच्या आकाराचा. ६ मिमीच्या झिजलेल्या खाचेत टी-४० आणि ५ मिमीच्या खाचेत टी-३० ठोकून बसवता येतो; सैल वाटला तर वरचा नंबर. तोही घसरला तर वेल्डिंग. बोल्टच्या डोक्यावर ८ किंवा १० मिमीचा नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड भरायचा. त्या उष्णतेने गोंद आपोआप जळतो. दोन गोष्टी मात्र इथे सांभाळाव्या लागतात. अर्थचा चिमटा प्लेटवरच लावायचा, एक्सलवर कधीही नाही. एक्सलवर लावला तर करंट बेअरिंगच्या गोळ्यांतून जातो आणि त्यांवर सूक्ष्म खड्डे पडतात. बेअरिंग महिनाभरात गुणगुणायला लागतं आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने चाक धुतलं असेल तर वेल्डिंग किंवा ज्योत वर्ज्य. त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो आणि बंद शेडमध्ये तो जिवावर बेततो. वेल्ड झाल्यावर नट लालबुंद असताना पाना लावला की डोकं पिळून तुटतं. लाली जाऊ द्यावी, कोमट वाटेपर्यंत थांबावं आणि मग फिरवावं.

हेही जमलं नाही तर डोकं उडवायचं. मधोमध पंच मारून आधी ४ मिमीचं ड्रिल, मग ८ किंवा ८.५ मिमीचं, डोक्याच्या जाडीपुरतंच. डोकं टोपीसारखं सुटतं. प्लेट निघाली की बोल्टचा प्लेटच्या जाडीइतका खुंट हबवर उभा राहतो, आणि ताण गेल्यामुळे तो व्हाइस ग्रिपने बहुधा सहज फिरतो. इझी आऊट (तुटक्या बोल्टात उलट्या आट्यांनी रुतवून तो काढायचं हत्यार) मात्र आम्ही शेवटच्या क्रमांकावर ठेवतो. तो कडक पोलादाचा असतो; आत तुटला तर कुठलंच साधं ड्रिल त्याला लागत नाही, आणि मग लेथवाल्याशिवाय गत्यंतर नाही.

सगळे बोल्ट बाहेर आले आणि प्लेट तरी जागची हलत नाही, अशी वेळ येतेच. गॅस पेटवला जातो तो बरोबर याच क्षणी, आणि चूकही इथेच होते. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या दुपटीने फुगतं. उंचवटा ६० मिमी व्यासाचा धरा आणि सगळा भाग १०० अंशांनी तापला असं समजा. अ‍ॅल्युमिनियमचा उंचवटा सुमारे ०.१४ मिमीने वाढतो, तर प्लेटचं भोक सुमारे ०.०६ मिमीने. म्हणजे पकड ०.०८ मिमीने आणखी आवळली. हब तापवून प्लेट ठोकणारा कारागीर स्वतःच ती घट्ट करत असतो. बरणीचं झाकण निघत नसेल तर आपण झाकणावर गरम पाणी ओततो, काचेवर नाही. इथे प्लेट हे झाकण आहे. हबच्या मध्यावर बर्फाची पिशवी किंवा सतत ओलं फडकं ठेवायचं आणि प्लेटच्या फक्त आतल्या कड्यावर गनचा झोत फिरवायचा, दीड-दोन मिनिटं. उष्णता हबमध्ये झिरपायच्या आत ठोकायचं. उशीर झाला तर सगळं थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

ठोकण्याचीही पद्धत आहे. चाक दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवावं, टेका हबच्या कडेला, दुसऱ्या बाजूच्या प्लेटवर किंवा स्प्रॉकेटवर नाही. आधी फटीतली पांढरी पूड पातळ पात्याने खरवडावी. मग मागून, आऱ्यांच्या मधून, लाकडी ठोकळा प्लेटच्या आतल्या कड्याला लावून समोरासमोर ठोके द्यावेत: बारा वाजता, मग सहा वाजता, तीन, नऊ. एकाच बाजूला ठोकत राहिलं तर प्लेट तिरकी होते आणि आणखी रुतते. स्क्रू ड्रायव्हर किंवा टामी फटीत घालून उचकटणं टाळावं. पोलादाला काही होत नाही; हबची बसकी कड, जिच्यावर प्लेट टेकते, ती दबते, आणि नवी प्लेट त्या दबलेल्या कडेवर वाकडी बसते.

त्यापेक्षा फिरवणं चांगलं. बोल्ट निघालेले असल्यामुळे प्लेट उंचवट्यावर गोल फिरू शकते. प्लेटच्या समोरासमोरच्या दोन भोकांत जाड बोल्ट अडकवून त्यांच्यामध्ये एक सळई धरायची आणि मागेपुढे झटके द्यायचे. दोनचार मिमी फिरली तरी पूड चुरडली जाते आणि प्लेट वर यायला लागते. अर्थात, हे भंगारात जाणाऱ्या प्लेटसाठी. प्लेट पुन्हा वापरायची असेल तर कुठलीही सक्ती नको, आणि कुठे निळा रंग चढलेला दिसला तर ती प्लेट बाद समजावी. तीन पायांचा पुलर वापरणार असाल तर त्याचा मधला स्क्रू बेअरिंगवर टेकू देऊ नका. हबच्या तोंडावर जाड लोखंडी चकती ठेवून तीवर टेकवा.

बाद प्लेट काहीच दाद देत नसेल तर ती कापावी. ग्राइंडरच्या पातळ चकतीने बाहेरच्या कडेपासून मध्याकडे एक चीर घ्यायची आणि उंचवट्यापासून २ मिमी अलीकडे थांबायचं. त्या चिरेत छिन्नी ठोकली की कडं उघडतं आणि पकड एकदम सुटते. टायर आणि सील ओल्या फडक्याने झाकावेत. जुन्या पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. त्या काळातल्या काही पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.

पुढचं काम सोपं, पण बहुतेक ठिकाणी तेच घाईत उरकलं जातं. हबची बसकी जागा आणि उंचवटा पितळी ब्रशने साफ करावा, पॉलिश पेपरने झिजवू नये. आट्यांतून ८ बाय १.२५ चा टॅप (आटे पाडण्याचं हत्यार) हाताने फिरवून जुना गोंद काढावा. आटे गेलेच असतील तर १० मिमीचा बोल्ट घुसवण्याचा मोह टाळावा, कारण हबच्या कानात तेवढी भिंत उरत नाही. ८.३ मिमीचं ड्रिल घेऊन हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी पोलादी तारेची गुंडाळी, बसवावी. ती मूळ आट्यांपेक्षाही मजबूत असते. उंचवट्यावर अँटी-सीझ पेस्टचं अगदी पातळ बोट फिरवलं तर पुढच्या वेळी हे सगळं रामायण टळतं. ती पेस्ट आट्यांना किंवा बसक्या जागेला लागता कामा नये.

बोल्ट नवेच घालावेत, आणि ते स्पेअर पार्टच्या दुकानातले. हार्डवेअरच्या दुकानातला ८ मिमीचा चकचकीत बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याच्या ताकदीचा नंबर डोक्यावर नसेल तर तो ब्रेकवर लावण्याच्या लायकीचा नाही. आट्यावर निळ्या गोंदाचा एक थेंब पुरे. आवळताना समोरासमोर, तीन टप्प्यांत. नेमका टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो पाहूनच आवळावं. सगळं बसल्यावर डायल गेज (बारीक डगमग मोजणारं काट्याचं यंत्र) लावून चाक फिरवावं. काट्याची हालचाल ०.३ मिमीपेक्षा जास्त असेल तर लिव्हर थरथरणार हे ठरलेलं. बहुतेक वेळा प्लेट वाकडी नसते, खाली पुडीचा एखादा कण राहिलेला असतो. नव्या प्लेटबरोबर पॅडही नवे घ्यावेत. तेल प्यालेले जुने पॅड तापवून किंवा घासून सुधारत नाहीत. पहिले वीस-तीस ब्रेक हलके मारावेत.

आमची मागणी दोन ठिकाणी आहे. प्लेट विकणाऱ्या कंपन्यांनी तिच्याबरोबर पाकिटात बोल्ट द्यावेत आणि पाकिटावर टॉर्कचा आकडा मराठी-हिंदीत छापावा. आयटीआयमधल्या मुलांना बोल्ट सोडवण्याचं प्रात्यक्षिक नव्या, स्वच्छ चाकांवर दिलं जातं. किनाऱ्यावरच्या संस्थांनी तरी भंगारातली चारदोन गंजलेली चाकं आणून त्यांवर हात बसवून घ्यावा. बाहेर आल्यावर त्यांना तीच चाकं भेटणार आहेत.

एक गोष्ट गाडीमालकांसाठी. ‘आठवड्याने येऊन बोल्ट पुन्हा आवळून घ्या’ असं काही ठिकाणी सांगतात. ते ऐकू नये. गोंद २४ तासांत पूर्ण घट्ट होतो आणि नंतर आवळलं की त्याचा चिकटा तुटतो, म्हणजे बोल्ट होता त्यापेक्षा कच्चा होतो. त्याऐवजी काम झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायला सांगा आणि गाडी पुसताना तिच्याकडे नजर टाका. रेघ मोडलेली दिसली तर तो बोल्ट पूर्ण काढून, आटे साफ करून, नव्या गोंदाने बसवायचा.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील दोन वाचक,
रत्नागिरी